सर्व्हर सुरू झाला हो!

माझ्या कोडला मी कुणाला हात लावू देत नाही. तो फार मौल्यवान आहे म्हणून नव्हे, आत काय चाललंय ते बाहेर कळू नये म्हणून. तरीही एआयला आत घ्यायचं ठरवलं, कारण कॉपी-पेस्टच्या हमालीला कंटाळलो होतो. कोड उचलून चॅटमध्ये टाका, सल्ला उचलून फाइलमध्ये टाका, दिवसभर हेच.

यावर उतारा म्हणजे मध्ये बसणारा छोटा सर्व्हर. एआय म्हणतो, अमुक फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते शोध, तमुक ओळ बदल. सर्व्हर ते करून देतो. या बोलाचालीचे नियम, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ऊर्फ एमसीपी, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये जाहीर केले. वाचले. सोपे वाटले. तिथेच चुकलं.

सर्व्हर लिहिला, एडिटरला (ज्यात मी कोड लिहितो त्या प्रोग्रॅमला) जोडला, लाल ठिपका, म्हणजे जोडणी फसली. टर्मिनलमध्ये हाताने चालवला तर ठणठणीत: ‘सर्व्हर सुरू झाला!’ एडिटरमध्ये पुन्हा लाल. एडिटर बंद-चालू केला, लॅपटॉप बंद-चालू केला, कॉन्फिगच्या फाइलमधले स्वल्पविराम एकेक करून मोजले. बिघाड नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून कोडमध्ये आणखी सहा ठिकाणी प्रिंट, म्हणजे मजकूर छापून दाखवणारे हुकूम, टाकले. ठिपका हलेना.

रात्री दीडला उलगडा झाला. असा स्थानिक सर्व्हर एडिटरशी स्टँडर्ड आउटपुटवरूनच, म्हणजे प्रिंटचा मजकूर जातो त्याच वाटेने, बोलतो, आणि त्या वाटेने जेसन-आरपीसी या ठरावीक साच्यातल्या संदेशांशिवाय काहीही जाता कामा नये. एडिटर बिचारा जेसनची वाट पाहत होता आणि त्याला माझी दवंडी ऐकू येत होती. पहिल्याच ‘स’ला ठेच! सर्व्हर जिवंत आहे हे कळावं म्हणून घातलेली ओळच त्याचा जीव घेत होती, आणि मी औषध म्हणून तेच विष आणखी सहा डोस पाजलं होतं. सगळे प्रिंट स्टँडर्ड एररकडे, म्हणजे तक्रारींसाठी असलेल्या वेगळ्या वाटेकडे, वळवले. ठिपका हिरवा.

मग पहिली दुरुस्ती. एक ओळ काढायची होती, शेजारची गेली. आत जोडलेला लँग्वेज सर्व्हर (कोड वाचून कुठे काय आहे ते सांगणारा प्रोग्रॅम) ओळी शून्यापासून मोजतो, एडिटर एकपासून दाखवतो, आणि वजाबाकी करायची जबाबदारी माझी होती. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं गिट होतं म्हणून वाचलो.

आता विश्लेषण. म्हटलं, सगळा प्रकल्प बघ आणि काय वाटतं ते सांग. माणूस असता तर आधी थोडं कौतुक केलं असतं. याने थेट सांगितलं की ‘बेरीज_नीट_वाली’ हे फंक्शन कुठूनही वापरलं जात नाही. शक्यच नाही! पुन्हा शोधायला लावलं. उल्लेख शून्य. (हा शून्य मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी शून्यच.) चार वर्षं मी ते फंक्शन सांभाळतोय. गेल्याच महिन्यात सुटीच्या दिवशी बसून त्यातला एक बग काढला होता, आणि सोमवारी त्याबद्दल वरिष्ठांची शाबासकीही घेतली होती.

एआयने नम्रपणे विचारलं, ‘काढून टाकू का?’

मी सर्व्हरची फाइल उघडली, ‘सर्व्हर सुरू झाला!’ ही ओळ परत स्टँडर्ड आउटपुटवर आणून ठेवली आणि सेव्ह करून एडिटर पुन्हा चालू केला. लाल ठिपका आला. मग निवांत झोपलो.