फेज गेलाय!

परवापासून माझ्या घरच्या सीएनसीची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरायच्या मशीनची, एक मोटर फिरायचं सोडून जागेवर थरथरत गुरगुरायलीय. कोरायला घेतलेलं गोल ताट बटाट्यासारखं निघालं. पण मोटरचं मी सहन केलं असतं. शेजारचे बप्पा नाही.

लातुरात मोटर म्हणजे बोअरची. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं प्रत्येक माणूस जन्मानंच मोटरचा डॉक्टर. बप्पा आवाज ऐकून आले, चप्पल न काढता.

"फेज गेलाय."

"बप्पा, ही चोवीस व्होल्ट डीसीवर चालती. स्टेपर आहे."

"किती एचपी?"

"एचपीत नाही मोजत. एका फेरीत दोनशे पावलं टाकती, एक पाऊल १.८ अंशाचं."

"पावलं टाकती?" बप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मलाच मोटरची लाज वाटली. "मग पाणी कवा वर येईल?"

मी त्यांच्याकडं पाठ करून कामाला लागलो. स्टेपर ठरावीक वेगाला हादरतोच, म्हणून वेग बदलला. अ‍ॅक्सिलरेशन उतरवलं. मोटरचा दांडा जोडणाऱ्या कपलरचा स्क्रू आवळला. ड्रायव्हरचा, म्हणजे मोटरला करंट देणाऱ्या सर्किटचा, करंट तपासला. बप्पा माझ्याच खुर्चीत बसून माझाच चहा पीत होते. "रिवायंडिंगवाल्याला बोलवू का? आपला माणूस आहे." या गावात सगळेच आपले, फक्त बिल परक्याचं येतं.

मग त्यांनी केबल हलवली.

मी ओरडलो. चालू करंटात मोटरची वायर सुटली की ड्रायव्हर जळू शकतो, आणि नवा काय बप्पा आणून देणार होते? पण केबल हलली आणि मोटर क्षणभर लोण्यासारखी मऊ चालली.

सप्लाय बंद करून प्लग काढला, मीटर लावला. स्टेपरात दोन वाइंडिंग. एकाचे दोन-तीन ओहम दाखवले, दुसरं ओपन, म्हणजे कुठंतरी तुटलेलं. मशीनबरोबर सरकणाऱ्या केबल चेनमध्ये वाकून वाकून तार आतल्या आत तुटलेली. एकाच वाइंडिंगवर मोटरला दिशाच कळत नाही, नुसती कापत राहते.

"म्हंजे फेजच गेला की."

आता यावर काय बोलायचं? त्या दोन वाइंडिंगना डेटाशीटमध्येही फेजच म्हणतात, हे मी त्यांना मेलो तरी सांगणार नाही. तरी सकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी पोचली होती: सरांनी एवढं शिकून शेवटी बप्पांनी फेज धरला.

सतत वाकणारी चार तारांची लवचिक केबल गावात मिळंना. पुण्याहून मागवली तर कुरिअर केबलपेक्षा महाग. तरी एका दुकानात विचारून बघितलं. दुकानदारानं चष्मा वर केला.

"किती एचपीला पाहिजे?"