बुकिटिंगीत बायकांचं राज्य नाही, काका

हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून माझ्या बहिणीच्या मागे घरातली मंडळी लागलेली आहेत. त्यात परवा काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘मुलींच्या हातात जमिनी गेल्या की काय होतं ते वाचा.’ फॉरवर्ड सुमात्रा बेटावरच्या बुकिटिंगी शहराचा. सार असं: तिथल्या मिनांगकाबाऊ समाजात बायकांचं राज्य आहे, पुरुषाला काडीचा अधिकार नाही, राहायला घरही नाही, नवरे तर विकत घेतात. शहर मूळचं प्राचीन हिंदू नगर. तिथलं मनोऱ्यावरचं घड्याळ लंडनच्या बिग बेनचं जुळं आणि बांधताना चार मजूर मेले म्हणून त्यावरचा रोमन आकडा चार हा चार रेघांचा (IIII). आणि एकेकाळी हे शहर इंडोनेशियाची राजधानी होतं.

आधी राज्याचं बघू, कारण विष तिथेच आहे. भातखाचरं आणि टोकदार छपराचं मोठं घर, म्हणजे ‘रुमाह गदांग’, आईकडून मुलीकडे जातं हे खरं. पण म्हणून ती उद्या ते विकायला मोकळी नाही. मिळकत कुळाची, म्हणजे आईच्या बाजूच्या सगळ्या घराण्याची असते आणि तिच्यावर देखरेख मामाची, म्हणजे आईच्या भावाची. कुळाचा प्रमुख, पंघुलू, हा पुरुषच. त्याचा ‘दातुक’ हा किताब मामाकडून भाच्याकडे जातो. जमीन विकणं लांबच, गहाण टाकायलाही परंपरेने चारच कारणं चालतात: घरात मयत पडलीय आणि पैसा नाही, वयात आलेल्या मुलीचं लग्न राहिलंय, मोठं घर गळतंय, किंवा नवा पंघुलू गादीवर बसवायचाय. यात राणी कुठे दिसली?

आणि पुरुषाची स्वतःची कमाई? तिचा निवाडा खुद्द बुकिटिंगीतच झालेला आहे. १९५२ साली तिथे पंघुलू आणि धर्मपंडित एकत्र बसले आणि ठरलं, की पिढ्यान्‌पिढ्या आलेली कुळाची मिळकत रूढीप्रमाणे आईच्या वंशात राहील, पण माणसाने स्वतः मिळवलेलं इस्लामी वारसा नियमाने वाटलं जाईल. त्या नियमात मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट. बायकांच्या राज्यात असा ठराव होतो का हो, काका?

अजून एक. शहराला लागून सियानोकची दरी आहे, साधारण शंभर मीटर खोल. पर्यटक तिचे फोटो काढून परततात. पलीकडे कोटो गदांग नावाचं गाव आहे. तिथल्या रोहाना कुदुस यांनी १९११ मध्ये बायकांना लिहायला-वाचायला आणि हातकाम शिकवणारी संस्था काढली आणि १९१२ मध्ये ‘सुन्तिंग मलायू’ हे बायकांचं वृत्तपत्र सुरू केलं. २०१९ मध्ये इंडोनेशियाने त्यांना राष्ट्रीय वीर घोषित केलं. खाचरं बायकांच्या वंशात होती, पाटी-पेन्सिल नव्हती. ती मिळवायला एका बाईला संस्था काढावी लागली.

पुरुष बेघर असतात, हे मात्र जुन्या काळापुरतं अर्धं खरं आहे, मान्य करतो. मोठ्या घरात वयात आलेल्या मुलग्यांना खोली नसे. ते सुराऊमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात झोपत. नवरा बायकोच्या घरी पाहुण्यासारखा. तरुणांनी नशीब काढायला परमुलखात जायचं ही रीत. पण अशाच समाजात बुकिटिंगीत १९०२ साली मोहम्मद हत्ता जन्मले, आईच्या माणसांत वाढले आणि देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले. काडीचा अधिकार नसलेल्याचं बरं चाललं म्हणायचं.

नवरे विकत घेणं? वराकडे पैसे पाठवायची चाल पारियामान या किनाऱ्याच्या भागातली. डोंगरातल्या बुकिटिंगीवर ती चिकटवू नका. शिवाय लग्नाच्या बैठकीत ‘मुलाच्या शिक्षणाला इतका खर्च आला’ हे वाक्य ऐकलेल्या आपण मराठी माणसांनी यावर कानाला हात लावणं जरा जास्तच होतं.

बाकीचं पटकन उरकतो. घड्याळाचं नाव जाम गदांग, मनोरा १९२६ चा, यंत्र जर्मनीतलं. बिग बेनचं यंत्र लंडनच्या डेंट यांनी बनवलेलं, मग जुळं कुठून आलं? चार रेघांचा चार तर जुन्या घड्याळांत सर्रास असतो. आजोबांच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. गंमत म्हणजे बिग बेनवरच तो तसा नाही, तिथे पाचाच्या खुणेआधी एक रेघ आहे. कुठलाही फोटो मोठा करून बघा. मजूर मेल्याची गोष्ट तिथेच मरते.

प्राचीन हिंदू नगराचं म्हणाल, तर त्याच डोंगराळ मुलखात पागारुयुंगला चौदाव्या शतकातल्या आदित्यवर्मन राजाचे संस्कृत शिलालेख आहेत, नाकारत नाही. पण राजा बौद्ध, आणि ते गाव वेगळं. बुकिटिंगी वाढलं ते बाजारामुळे आणि पाद्री युद्धात (हे पाद्री म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू नव्हेत, तिथले कडवे मुस्लिम सुधारक) डचांनी १८२५ मध्ये बांधलेल्या फोर्ट द कॉक किल्ल्यामुळे.

राजधानीचं तेवढं जवळपास बरोबर. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी तेव्हाची राजधानी योग्यकार्ता घेऊन राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि हत्तांना पकडलं, तेव्हा बुकिटिंगीत असलेले मंत्री शफरुद्दीन प्रविरानेगारांनी आणीबाणीचं सरकार उभं केलं. पण बुकिटिंगीही लगेच पडलं. सरकार हालाबान गावी जाहीर झालं आणि पुढे रानोमाळ फिरत राहिलं. तेही जमलं नाही तर परागंदा सरकार स्थापन करा, असा निरोप हत्तांनी अर्थमंत्री मारामिस यांच्यासाठी काढून ठेवला होता. मारामिस तेव्हा नवी दिल्लीत होते.