दंड वाढवल्याने डॉक्टर गावात राहत नाही

महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या रिक्त पदांची बातमी दर काही महिन्यांनी येते आणि ती आली की आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या वर्गमित्रांत तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते की शासनाच्या पैशाने शिकलेली ही पिढी स्वार्थी आहे, तिला शहराबाहेर पाऊल टाकायचे नाही, तेव्हा बाँडचा, म्हणजे सक्तीच्या सेवेच्या कराराचा, दंड वाढवा म्हणजे मुकाट्याने गावात जातील. दुसरी बाजू म्हणते की जेथे औषधांचा पत्ता नाही आणि रुग्ण दगावला की नातेवाईक अंगावर धावून येतात, तेथे शिकल्यासवरल्या माणसाने का जावे? यंदा एका सर्जन मित्राने लिहिले की ज्याला गावाची ओढ नाही त्याने वैद्यकीच्या वाटेला जाऊच नये, आणि त्याखाली कोणीतरी माझे नाव घेऊन जोडले, "हिने तर देशच सोडला, आता ही आपल्याला गाव शिकवणार." मी बोलणार आहे, कारण त्या गटातल्या बहुतेकांपेक्षा अधिक वर्षे मी गावात डॉक्टरकी केली आहे. ते गाव ऑस्ट्रेलियात आहे, एवढ्यावरून माझे म्हणणे बाद होत नाही.

मला राग येतो तो दोन्ही बाजूंचा, कारण गावातली नोकरी ही शिक्षा आहे हे दोघांनीही गृहीत धरलेले आहे. एकाला ती सक्तीने भोगायला लावायची आहे आणि दुसऱ्याला चुकवायची आहे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची सेवा, ती केली नाही तर १० लाख रुपये दंड, ही रचना याच समजुतीतून आली आहे. २०१९ साली राज्य मंत्रिमंडळाने ग्रामीण सेवेची तयारी असणाऱ्यांसाठी वैद्यकीयच्या काही जागा राखून ठेवण्याचा प्रस्ताव मंजूर केला, तेव्हाही शब्द न पाळणाऱ्याची पदवी रद्द करण्याची आणि त्याला पाच वर्षे तुरुंगात धाडण्याची तरतूद त्यात होती. ज्या नोकरीला माणूस मिळावा म्हणून तुरुंगाची भीती घालावी लागते, त्या नोकरीतच काही बिघडले आहे का, हा प्रश्न आमच्या वादात कोणी विचारत नाही.

माझे बाँडचे वर्ष मी मराठवाड्यातल्या एका आरोग्य केंद्रात पूर्ण केले. सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र आणि त्यात दोन वैद्यकीय अधिकारी, असा हिशेब कागदावर असतो. माझ्या केंद्रातले दुसरे पद मी असेपर्यंत रिकामेच राहिले. सकाळची ओपीडी, दुपारी उपकेंद्रांच्या भेटी, रात्री बाळंतपणे, मध्येच विंचूदंश, कीटकनाशक प्यालेला शेतकरी, आणि कधी पंचनाम्यानंतरचे शवविच्छेदन, हे सगळे एकाच व्यक्तीच्या गळ्यात होते. क्वार्टरचे छत गळत होते आणि ते दुरुस्त करण्याचे काम नेमके कोणाचे, हे शेवटपर्यंत ठरले नाही. मानधन महिनोन्‌महिने रखडत असे. तरीही लोकांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आशाताई आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांच्याकडून मी जे शिकले ते महाविद्यालयाच्या साडेचार वर्षांत शिकले नव्हते. दसरा उलटला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघत, गर्भवती बायका तपासणी अर्धवट टाकून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसत, आणि त्या परत येईपर्यंत त्यांना पाहणारा डॉक्टर बदललेला असे. पांढरे जाण्याची किंवा ओटीपोट दुखण्याची तक्रार घेऊन बाई दरवर्षी नव्या, घाईत असलेल्या डॉक्टरसमोर उभी राहते, तेव्हा ती अखेरीस कोठे जाते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य शासनाला समिती नेमावी लागली. त्या स्त्रियांना वर्षभराची हजेरी लावून जाणारा डॉक्टर पुरेसा नव्हता. मीही त्या हजेरीवाल्यांपैकीच होते; मुदत संपली आणि मी निघाले.

पुढे मेलबर्नमध्ये मोठ्या रुग्णालयांत नोकरी केली. आम्ही टार्नेट या उपनगरात राहत होतो, आजूबाजूला चार मराठी घरे, मंडळाचा गणपती, दुकानात कोकमापासून भाजणीपर्यंत सर्व काही. ते सोडून विमेरा या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेकडील शेतीच्या भागात जायचे ठरले, तेव्हा तेथील आमच्या मराठी मित्रमंडळींनी अगदी पुण्यातल्या नातेवाइकांसारखाच चेहरा केला. "अगं, मुलाच्या शाळेचं काय?" "दोन वर्षं काढ आणि परत ये." शहर सोडणाऱ्याविषयीची ही दया आम्ही मराठी माणसे समुद्र ओलांडतानाही बरोबर नेतो.

येथे कोणीतरी लगेच म्हणेल की ऑस्ट्रेलियातही सक्तीच आहे, आणि ते खरेच आहे. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याची बिले करायची असतील तर दहा वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच काम करावे लागते, असे तेथील आरोग्य विमा कायद्याचे कलम १९एबी सांगते. येथल्या डॉक्टरांवर सरसकट अशी सक्ती करता येत नाही, कारण १९४६ च्या सार्वमताने झालेल्या घटनादुरुस्तीने वैद्यकीय सेवेत वेठबिगारीला मनाई केली. वैद्यकीयची जागा घेतानाच ग्रामीण सेवेचा करार केलेले येथलेही विद्यार्थी असतात, पण तो त्यांनी आधी निवडलेला सौदा असतो. आम्हा बाहेरून आलेल्यांना मात्र हा नियम थेट लागू होतो. हा भेदभाव आहे, तो मला तेव्हाही झोंबला होता आणि आजही मान्य नाही. पण माझ्या म्हणण्याचा कणा याच ठिकाणी आहे. मी दोन देशांत दोन सक्ती भोगल्या. पहिलीची मुदत संपताच मी बॅग भरली. दुसरीची मुदत संपून बराच काळ लोटला आणि मी अजून येथेच आहे. हा फरक सक्तीने घडवलेला नाही.

मी सही करण्यापूर्वी येथल्या दवाखान्याच्या व्यवस्थापिकेने विचारलेला पहिला प्रश्न माझ्या नवऱ्याविषयी होता. तो राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेला, कडधान्यांत काम केलेला माणूस आहे, हे कळल्यावर तिने विमेरातले मोठे शहर असलेल्या हॉर्शममध्ये कोणाला भेटायचे ते आम्हाला सांगितले, आणि माझ्या नोकरीआधी त्याच्या नोकरीची बोलणी सुरू झाली. राहण्याचे घर तयार होते आणि त्याची गटारे साफ करून ठेवलेली होती. पहिल्या आठवड्यात मला रात्रपाळी दिलीच नाही. अर्जंट केअरमध्ये, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या कक्षात, रात्री पहिला हात परिचारिकेचा असतो, ती पुष्कळ गोष्टी स्वतःच्या अधिकारात निभावते, आणि खरेच गरज असेल तरच मला उठवते. कापणीच्या दिवसांत हेडरमध्ये (कापणी यंत्रात) हात सापडलेला तरुण आला, तर पडद्यावर मेलबर्नचा तज्ज्ञ माझ्याबरोबर असतो आणि हेलिकॉप्टर कधी निघाले ते मला सांगितले जाते. मी सुटीवर गेले की बदली डॉक्टर येतो. म्हणून मी मुलाच्या मुंजीला पुण्यात येऊ शकले आणि वडिलांच्या आजारपणातही. माणूस गावात टिकतो तो अशा गोष्टींवर, आणि त्यांतली एकही गोष्ट त्यागाची नाही.

"तुमच्याकडे पैसा आहे," हे उत्तर मला प्रत्येक वेळी मिळते. हेलिकॉप्टरला पैसा लागतो, हे मी मान्य करते. दोन मंजूर पदे दोन्ही एकाच वेळी भरण्याला, क्वार्टरची जबाबदारी कोणाची हे लिहून ठेवण्याला, मानधन महिन्याच्या महिन्याला देण्याला, पती-पत्नी दोघेही शासकीय सेवेत असतील तर त्यांना एकाच तालुक्यात नेमण्याला किती पैसा लागतो, याचे उत्तर मात्र मला कोणी देत नाही. येथेही सगळे सुरळीत आहे असे नाही. आमच्या गावातली बाळंतपणे बंद झाली आहेत, बायकांना हॉर्शमला जावे लागते, आणि त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मिळायला महिने लागतात. पण डॉक्टर मिळत नाही म्हणून येथे कोणी तरुण डॉक्टरांच्या संस्कारांवर लेख लिहीत नाही. शायरचे (स्थानिक परिषदेचे) सदस्य, दवाखाना आणि फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लबचे लोक एकत्र बसून आपण काय देऊ शकतो याची यादी करतात. या बाबतीत हा समाज आपल्यापेक्षा शहाणा आहे, असे मी स्पष्टपणे म्हणते, आणि ते ऐकून माझ्या मित्रांना राग आला तरी माझे मत बदलणार नाही.

या वादात शेवटी हुकमाचे पान म्हणून काही आदरणीय नावे पुढे येतात. हेमलकशाचा प्रकल्प १९७३ साली सुरू झाला, बंग दांपत्याने १९८६ पासून गडचिरोलीत काम उभे केले, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरी करणाऱ्या हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. "ते गेले, मग तुम्ही का नाही?" असे विचारणाऱ्यांनी ही कामे नीट पाहिलेली नाहीत, असे मला वाटते. गडचिरोलीत नवजात बालकांचे मृत्यू कमी झाले ते गावातल्याच स्त्रियांना पद्धतशीर प्रशिक्षण देऊन, त्यांना साधने आणि देखरेख देऊन. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास व्यवस्था कशी बांधावी हेच सांगतो. बावस्करांनीही निरीक्षणे एकेका रुग्णाची लिहून ठेवली आणि त्यांतून उपचार रुजवला. त्यांच्या कामातली शिस्त आपण घेतली नाही, फक्त त्यांचा त्याग इतरांच्या तोंडावर मारायला घेतला. राज्यात १,८०० हून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. तितके संत कोठून आणायचे? आणि ज्या गावाला आपला डॉक्टर नेहमी संत म्हणूनच मिळतो, त्या गावाने त्याच्याकडे रात्री दोन वाजता हक्काने भांडावे तरी कसे?

आता माझ्या नावाने जे लिहिले गेले त्याचे उत्तर देते. मी पुण्यात वाढले. आजोबांचे गाव पाटोदा तालुक्यातले, १९७२ च्या दुष्काळात घर तेथून उठले ते पुन्हा मागे गेले नाही. ते गाव मी यात्रेला आणि एकदा जमिनीच्या सह्यांसाठी पाहिले. म्हणजे आमचे घराणे गावातून निघून शहरात आले याचा आम्हाला अभिमान होता, आणि शहरातून गावात जाण्याची कल्पना आमच्यात कोणाच्याही मनात आली नव्हती. माझ्या वर्गमित्रांपैकीही बहुतेकांचे असेच आहे. ज्यांनी गाव सोडल्याचा आनंद साजरा केला, तेच आता पंचवीस वर्षांच्या मुलांना गावाच्या ओढीचा पाठ देत आहेत, हे मला सहन होत नाही.

विमेराचा सपाट प्रदेश पाहून पहिल्या उन्हाळ्यात मला मराठवाड्याचीच आठवण येत राहिली, तेच दूरवर दिसणारे क्षितिज आणि पावसाची तीच वाट पाहणे. येथला शेतकरी मसूर आणि हरभरा पिकवतो आणि त्यातला बराचसा भारताच्या बाजाराकडे डोळे लावून. २०१७ च्या डिसेंबरात भारताने दोन्हींवर ३० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा रक्तदाब तपासायला आलेली माणसे मला दिल्लीच्या धोरणाविषयी विचारत होती. आपल्याकडच्या हरभरा पिकवणाऱ्याला त्या शुल्काचा आधार वाटला असेल, हे मी त्यांना सांगितले, आणि त्यांनी ते ऐकून घेतले. पण त्या रात्री झोप लागली नाही. कोणाच्या बाजूने आपण बोलत होतो, आणि कोणाचे औषध लिहून देत होतो, हा विचार मनातून जाईना. माझे रुग्ण, त्यांची बुडालेली वर्षे, त्यांच्या आत्महत्या हे सगळे आता माझे झाले आहे. तरीही परभणीच्या बाजारभावाची बातमी मी त्यांच्या बाजारभावाआधी वाचते.

माझ्या त्या जुन्या केंद्रात उद्या दोन डॉक्टर, कोरडे छत आणि वेळेवर पगार आला तर मी परत जाईन का, असे मावशीने मला थेट विचारले. मी नाही म्हणाले. मुलगा येथे रुजला आहे, नवऱ्याचे वाण चाचणीत आहेत, आणि मी ज्यांना गर्भात असल्यापासून ओळखते ती मुले आता शाळेत जातात. हे उत्तर देताना मला वाईट वाटले, पण मला त्याची लाज वाटली नाही. ज्या मुली यंदा इंटर्नशिप संपवत आहेत, त्यांचे मुळे धरण्याचे वय अजून बाकी आहे, आणि त्या कोठे धरतील हे त्यांच्या संस्कारांपेक्षा त्या क्वार्टरवर, त्या दुसऱ्या पदावर आणि त्यांच्या जोडीदाराच्या कामावर अधिक ठरणार आहे.

आमच्या दवाखान्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागेसाठीची पहिली बैठक गेल्या महिन्यात मेमोरियल हॉलमध्ये झाली आणि गावातले इतर रहिवासी गेले तशीच मीही गेले. येणाऱ्या डॉक्टरच्या घरच्यांना येथे काय काम मिळू शकेल, हा विषयपत्रिकेवरचा पहिला मुद्दा होता, आणि हॉर्शममध्ये कोणाला फोन करायचा ते सांगण्याचे काम मी घेतले आहे.