तिकीट-तिकीट खेळूनच माझी मुलं वाचायला लागलीत

आत्ता ठाणा स्लो लोकलमध्ये बसून टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या, डोकं जाम तापलंय.

आज पालकसभा होती. मोठ्या गटाची, म्हणजे पाच वर्षांची पोरं. एक बाबा वही नाचवत उभे राहिले, "बाई, सप्टेंबर आला, गिरवायची वही कोरी आहे, तिकीट-तिकीट खेळून मुलगा पहिलीत जाणार का?" आणि मागून चार माना हलल्या. त्यापेक्षा वाईट म्हणजे आमच्या वरिष्ठ बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, सोमवारपासून रोज दोन पानं, क ते ज्ञ, क्रमाने.

तीन आठवडे आमच्याकडे 'आपली लोकल' ही थीम चाललीय. बाकं लावून डबा केलाय, फळ्याखाली फलाट, खिडकीत तिकीटमास्तर. मुलं बोलतात ते मी मोठ्या कागदावर लिहिते, "आजी लेडीज डब्यात बसते", आणि मग सगळे बोट फिरवत ते वाचतात. त्यांचंच वाक्य ना, वाचता येतंच.

आमची एक चिमुरडी आहे, जूनमध्ये तोंडातून शब्द काढत नव्हती. परवा तिने तिकीट लिहिलं, 'ददर'. मी खोडलं नाही, म्हटलं वाच बघू. तिने वाचलं, थांबली, परत वाचलं आणि ओरडली, "बाई हे ददर झालं! द ला काठी पाहिजे!" आणि काना स्वतः दिला. पाच वर्षांच्या मुलीला काना कशाला असतो ते कळलं हो! चार पानं 'का का का' गिरवून हे कळतं का?

वर्णमाला सुंदर आहे, कंठापासून ओठांपर्यंत काय बांधलीय, मान्य. आणि अक्षराला वळण लागायला गिरवावं लागतंच, तेही मान्य, पण ते नंतर. पाचव्याच नंबरला ङ येतो, त्याने सुरू होणारा एक शब्द सांगा मला. ण चंही तेच. ख तर अर्धी मुलं 'रव' वाचतात. आणि ळ, जो मुंबईच्या पोराच्या तोंडात दिवसभर असतो, केळं, शाळा, कोळंबी, तो बसतो पार शेवटी.

हे काही परदेशातून आणलेलं फॅड नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा पानं, बिया, शंखशिंपले हेच साहित्य होतं. ऐंशी वर्षं झाली आणि आपण अजून वही कोरी का म्हणून भांडतोय. सरकारचं २०२१ चं निपुण भारत अभियानसुद्धा समजून वाचायला तिसरी संपेपर्यंत वेळ देतं, आणि आपल्याला पाचव्या वर्षी पानं भरलेली हवीत!

हां, त्या बाबांचं एक मात्र खरं, थीमच्या नावाखाली खूप ठिकाणी नुसता तमाशा चालतो. आंबा डे म्हणून सगळ्यांनी पिवळे कपडे घालायचे, रात्री अकरा वाजता आईने थर्माकोल कापायचा, फोटो काढले की झालं, आणि मूल 'आंबा' हा शब्द एकदाही वाचत नाही. त्याची मलाही चीड आहे. त्यापेक्षा गिरवणं बरं म्हणेन मी.

घाटकोपर गेलं. जरा शांत झालेय.

सभा संपल्यावर त्या चिमुरडीची आई थांबली होती. घरकाम करते, सभेत एक शब्द बोलली नाही. म्हणाली, बाई, काल आम्ही परळला उतरलो तर ही पाटीसमोरून हलेचना. प...र...ळ करत वाचलं आणि मलाच विचारते, "आई, तुला येतं का गं हे?" मला नाही येत, म्हणाली, तर आता घरी तीच मला तिकीट लिहून देते आणि वाचून घेते.

मी काय बोलणार, नुसता तिचा हात धरला.

दोन पानं करून घेईन, वरून सांगितलंय तर करावीच लागतील. पण फलाट काढणार नाही. अजून चिंचपोकळी यायचंय, तिथे पहिली वेलांटी भेटणार आहे, आधी दिसते आणि नंतर बोलतो ती, त्यावर मुलं भांडणार आणि मला ते भांडण ऐकायचंय. दादर-परळच्या आसपास कोणाकडे फ्रिजचा मोठा खोका असेल तर रविवारपर्यंत इनबॉक्स करा, तिकीटखिडकी फाटलीय आमची.