आधी बॅटरी तरी विचारा ना, मग मोटर गळ्यात मारा!

काल संध्याकाळी भाच्याच्या रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या ट्रकची मोटर जळली. चौथ्या मिनिटाला. नवीकोरी, दिवाळीचे आणि वाढदिवसाचे साठवलेले पैसे घालून घेतलेली. "मामा, वास येतोय" म्हणाला तोवर सगळं संपलं होतं. बॉडी काढली तर तो जळक्या वार्निशचा वास, बाटलीतलं पाणी कॅनवर, म्हणजे मोटरच्या धातूच्या डब्यावर, शिंपडलं तर चर्र झालं, वायरीवरची श्रिंक ट्यूब (प्लॅस्टिकची नळी) आखडून मागे सरकलेली. गार झाल्यावर थ्रॉटल दिला तर जागच्या जागी थरथरते, फिरत नाही. पोरगं एक शब्द बोललं नाही, रिमोट छातीशी धरून नुसतं उभं. तिथे माझं डोकं फिरलं.

कारण मी चिठ्ठी लिहून दिली होती हो! ३६६० साइज (३६ मिमी जाड, ६० मिमी लांब), ४ पोल (चुंबकाचे चार ध्रुव), ३३०० केव्ही, ३एस वर, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीवर, चालवायची आहे. एवढं स्पष्ट. आणि तो दुकानदार चौदा वर्षांच्या पोराला सांगतो, "३३०० स्लो असते रे, ५४०० घे, डबल पॉवर." कसली डबल पॉवर? केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती फेरे, तेही लोड नसताना, बस! पॉवरचा आकडा नाहीये तो. त्याच कॅनमध्ये केव्ही वाढवायचा म्हणजे तारेचे वेढे कमी करायचे, मग तेवढाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, काढायला करंट जास्त लागतो.

गुणाकार करायचा होता फक्त. ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट, गुणिले ५४०० म्हणजे ५९,९४० आरपीएम, आणि फुल चार्ज १२.६ ला ६८ हजारांच्या वर! ३३०० ला तेच ३६,६३०. ह्या ट्रकचा फायनल रेशो १२, म्हणजे मोटरच्या बारा फेऱ्यांना चाकाचा एक, टायर ११० मिमी, म्हणजे ३३०० वरच कागदावर ताशी ६३ किमी निघतात. आमच्या ग्राउंडला ते रगड झाले. ५४०० वर १०३ निघतात, ते गाठायचे कुठे, गुडघाभर गवतात? मोटर तिच्या नो-लोड स्पीडच्या पाऊण पटीच्या वर फिरली तर सुखात असते, गवतात खाली दाबून धरली की करंट नुसता तापण्यात जातो, आणि करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली, म्हणजे तारेच्या वेढ्यांमधली, उष्णता चौपट. ५४०० वाईट नाहीये, २एस (दोन सेल) वर लावा, ३९,९६० येतात, झकास चालते. ३एस वर लावायचीच तर रेशो विसाच्या आसपास न्यावा लागतो, आणि तेवढा लहान पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि तेवढा मोठा स्पर (त्यानं फिरणारं मोठं चाक) ह्या गिअरबॉक्सात मावतच नाही. बॅटरी कुठली, गाडी किती किलोची, टायर केवढे, चालवणार कुठे, चार प्रश्न, एक मिनिट लागतं, पण नाही विचारणार.

मागे एकानं तर केव्ही म्हणजे किलोव्होल्ट असं तोंडावर सांगितलं होतं मला, काउंटरमागे उभं राहून. दुसऱ्यानं ४८ पिचच्या स्परला ३२ पिचचा, म्हणजे वेगळ्याच मापाच्या दातांचा, पिनियन बांधून दिला, पहिल्याच थ्रॉटलला दात साफ. बॉक्सवर वॉट हे एवढाले मोठे, पण मॅक्स आरपीएम आणि वाइंडिंगचा रेझिस्टन्स शोधून दाखवा. आणि ते व्हिडिओवाले, गाडी उलटी धरून फुल थ्रॉटल देतात, टायर फुगून पापड होतात आणि हे ओरडतात "बघा स्पीड"! लोड कुठंय त्याला? दोन-तीन मिनिटं खऱ्या जमिनीवर पळवा, थांबवा, थर्मामीटर कॅनवर धरा. ८० अंशांकडे चाललं की पिनियनचे एक-दोन दात कमी करा नाहीतर केव्ही खाली आणा. फार पुढे गेलात तर मॅग्नेटची ताकद कायमची जाऊ शकते, गाडी गार झाल्यावरही परत येत नाही.

आज सकाळी गेलो दुकानात. म्हणे बॅटरीच खराब असेल, आणि मोटर जळाली तर वॉरंटी नाही. मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली, ३३०० वर बोट ठेवलं, म्हटलं हे वाच. वाचलं त्यानं. मग म्हणतो, "पोरांना स्पीडच पाहिजे असतो सर."

अरे, पोरानं ३३०० मागितली होती!