ठोसे कोणाचे मोजायचे?

पॅरिस ऑलिम्पिकमधल्या मुष्टियुद्धाच्या उपांत्यपूर्व फेरीत भारताचा निशांत देव मेक्सिकोच्या मार्को व्हेर्देकडून हरला, त्या रात्री, म्हणजे ३ ऑगस्ट २०२४ चे बारा वाजून गेल्यावर, पंचवटीतल्या आमच्या घरी मी आणि माझा पुतण्या जागे होतो. पहिली फेरी पाचपैकी चार पंचांनी निशांतला दिली होती आणि पदक एका विजयावर आले होते. अखेर निकाल ४-१ असा मार्कोच्या बाजूने लागला, तेव्हा पाच मिनिटांच्या आत मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सरळसरळ चोरी’ असे लिहून मोकळा झालो. मुष्टियोद्धा विजेंदर सिंगसारख्या जाणत्यानेही गुणदानाविषयी जाहीर आश्चर्य व्यक्त केल्यामुळे माझा राग मला साधारच वाटला. आज त्या रागाविषयीच लिहायचे आहे, कारण त्यातला किती खेळासाठी होता आणि किती केवळ आपला माणूस हरला म्हणून, हे मला अजून नीट वेगळे करता आलेले नाही.

माझे वडील दिंडोरी तालुक्यातल्या जत्रांमधले कुस्त्यांचे फड आयुष्यभर पाहत आले. आपल्या तालमीच्या पैलवानासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारा हा माणूस बाहेरगावच्या पैलवानाने कुस्ती निकाली केली, की खिशातली नोट काढून त्याच्या हातावर ठेवत असे, आणि त्यात गावाशी बेइमानी झाली असे कोणालाही वाटत नसे. अर्थात फडात हे मोठेपण दाखवणे सोपे होते. पाठ मातीला लागली, की ते हजार माणसे एकदम पाहतात. तिथे निष्ठेला निकालात लुडबुड करायला जागाच उरत नाही. मुष्टियुद्धात ती जागा भरपूर आहे. समोरचा पडून उठूच शकला नाही तर प्रश्न मिटतो, पण ऑलिम्पिकच्या प्रकारात बहुतेक लढती गुणांवर सुटतात. पाच पंच प्रत्येक फेरीच्या विजेत्याला १० आणि दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी गुण देतात, आणि फेरी कोणाची हे स्वच्छ बसलेल्या ठोशांवरून आणि लढतीवरच्या पकडीवरून ठरवतात. हातमोज्यावर अडलेला ठोसा आणि गालावर बसलेला ठोसा यांतला फरक रिंगला खेटून बसलेल्या माणसालाही चकवतो. सभागृहात आरोळ्या एकाच बाजूने उठत असतील तर अधिकच.

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सचे ८६ ठोसे बसल्याची मोजणी आहे, यजमान देशाच्या पार्क सी-हुनचे ३२, आणि सुवर्णपदक ३-२ असे पार्कला मिळाले. लोक जोन्ससाठी हळहळतात, ते योग्यच आहे. मला मात्र पार्कविषयी अधिक वाईट वाटते. त्याने हा निकाल मागितला नव्हता, त्याच्या स्वतःच्या देशातही त्याला बोल खावे लागले, आणि अनेक वर्षांनी त्याने अमेरिकेत जोन्सकडे जाऊन ते पदक त्याच्या हाती दिले. घरच्या मैदानावर मिळालेला फुकटचा विजय आपल्याच माणसाच्या मानगुटीवर असा बसतो.

आता आपल्या घरचे पाहू. मार्च २०२३ मध्ये महिलांची जागतिक स्पर्धा दिल्लीत झाली, तीही आपल्या खाशाबा जाधवांचे नाव दिलेल्या सभागृहात, आणि भारताने चार सुवर्णपदके जिंकली. नीतू घंघासची कझाकस्तानच्या आलुआ बाल्किबेकोवाविरुद्धची उपांत्य लढत इतकी अटीतटीची झाली की फेरतपासणीनंतर, पाच पंचांखेरीज आणखी दोघांची मते धरून, ती ५-२ अशी नीतूला मिळाली. नीतूच जिंकली असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पण हीच लढत परदेशात होऊन निकाल उलटा लागला असता, तर ग्रुपवर मी कोणता शब्द लिहिला असता हे सांगायला नको.

देशप्रेमाची तिकिटे विकणारेही या खेळात कमी नाहीत. पाकिस्तानी वंशाच्या, पण इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि ब्रिटनसाठीच ऑलिम्पिक रौप्य जिंकलेल्या मुष्टियोद्धा आमिर खानची भारताच्या नीरज गोयतशी २०१९ मध्ये ठरलेली लढत भारत-पाकिस्तान म्हणूनच रंगवली जात होती. नीरज मोटार अपघातात जखमी झाला आणि ती झालीच नाही. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीत विजेंदर चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढला, तेव्हा डोकलामचा तणाव ऐन भरात होता, आणि नाशिकहून माझे तीन मित्र गाडी करून तेवढ्यासाठी मुंबईला गेले होते. विजेंदर गुणांवर जिंकला आणि लगेच म्हणाला, की सीमेवर तणाव नको, मी हा किताब झुल्पिकारला परत द्यायला तयार आहे. माझ्या मित्रांचा विरस झाला. ‘पट्टा परतच द्यायचा होता तर आम्ही टोल कशाला भरला?’ असे त्यांतला एक कसारा घाटापर्यंत म्हणत होता म्हणे. वडील त्या सभागृहात असते तर त्यांनी खिशात हात घातला असता, एवढे मला माहीत आहे.

निशांतची ती लढत मी मागच्या महिन्यात पुन्हा पाहिली. आवाज बंद ठेवून, कागद-पेन्सिल घेऊन, पुतण्याला दुसऱ्या खोलीत बसवून. पहिली फेरी मी निशांतला दिली. तिसऱ्या फेरीत त्याचा दम संपलेला दिसतो, ती मार्कोची. मधली फेरी तीनदा पाहिली आणि दोनदा गुण खोडले. शेवटी तीही, अगदी थोडक्याने, मार्कोला गेली. पुतण्याच्या कागदावर मात्र निशांत जिंकला आहे, आणि त्याची मधल्या फेरीची मोजणी माझ्याहून बारकाईची आहे, हे मला मान्य करावे लागले. ग्रुपवरचा ‘चोरी’ हा शब्द मी अजून मागे घेतलेला नाही. मधली फेरी या रविवारी आम्ही दोघे एकत्र बसून पाहणार आहोत.