ट्रॅक ०१, कलाकार अज्ञात

क्लाउडवाल्यांच्या, म्हणजे इंटरनेटवर गाणी साठवून देणाऱ्या कंपन्यांच्या, लेखी गाणं म्हणजे चार मिनिटांची वस्तू. तिला एक गायक, एक अल्बम, एक चौकोनी चित्र. आमच्या ग्वाल्हेरात, दाणाओळीत नाहीतर चितेराओळीत, मराठी घरातल्या फळीवर जे गाणं असतं ते यातल्या एकाही अटीत बसत नाही. ते पावणेदोन तास चालतं. कुणी गायलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुठेच लिहिलेलं नाही. अल्बम नाही, कारण ती कुणाच्या तरी ओसरीवरची बैठक होती. आणि चित्राच्या जागी कॅसेटच्या डबीतल्या कागदावर निळ्या शाईत एवढंच: 'यमन, नंतर लाइट गेली'.

असा साठा कॉम्प्युटरवर उतरवून झाला की घरातले नाना म्हणतात, "आता हे फोनवर येऊ दे. सगळ्या जगाचं येतं, आपल्याला काय दिक्कत आहे?" २०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर ठरवलं. फोनला ते कुणी कळवलेलं नाही. तो त्याच शहरातल्या गाण्याला 'ट्रॅक ०१, अननोन आर्टिस्ट' म्हणतो आणि असे तीनशे चाळीस ट्रॅक ०१ एकाखाली एक मांडून ठेवतो.

सिंकला, म्हणजे सगळ्या यंत्रांवर एकच साठा जुळवून ठेवण्याला, मी 'समेवर येणं' म्हणतो. लॅपटॉप, फोन आणि ढग (म्हणजे क्लाउड), तिघांनी एकाच मात्रेवर पडायचं. एक जरी अर्ध्या मात्रेनं चुकला, तरी बाकीचे दोघे 'हा बरोबर आणि आम्ही चूक' असं समजून आपापलं बिघडवून घेतात.

पहिली ठेच लागते ती लांबीची. ॲपल म्युझिकच्या 'सिंक लायब्ररी'त, म्हणजे आपली गाणी ढगातून फोनवर आणणाऱ्या सोयीत, १,००,००० गाणी मावतात, म्हणजे अडचण संख्येची नाही. अडचण अशी की २०० एमबीहून मोठी किंवा दोन तासांहून लांब फाइल ती घेतच नाही. दोन तास ऐकून नाना खूश होतात, कारण आपली बैठक पावणेदोन तासांची. पण हिशेब करा. २५६ केबीपीएसच्या (सेकंदाला इतके किलोबिट; आकडा मोठा तेवढी फाइल जड) फाइलचे २०० एमबी एक तास चव्वेचाळीस मिनिटांत भरतात. ३२०ची असेल तर एक तास तेवीस मिनिटांतच. म्हणजे 'उत्तम क्वालिटी ठेव रे' असं बजावून ३२०वर उतरवलेली बैठक तराणा सुरू व्हायच्या आत दाराबाहेर. स्टेटसच्या रकान्यात 'इनएलिजिबल' असा शब्द उमटतो. हा रकाना आपण होऊन दिसत नाही. मॅकच्या म्युझिक ॲपमध्ये गाण्यांच्या यादीत 'व्ह्यू ऑप्शन्स' उघडून 'क्लाउड स्टेटस'वर खूण करावी लागते. ही खूण न करता जे लोक आठवडाभर 'होईल, होईल' म्हणत बसतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण सहानुभूती नाही.

उपाय कापणं हाच. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, जिथे विलंबित संपून द्रुत सुरू होतो तिथे कर्सर ठेवून कंट्रोल आणि बी दाबा, लेबल पडतं. सगळी लेबलं पडली की 'एक्स्पोर्ट ऑडिओ'मध्ये 'मल्टिपल फाइल्स' निवडा. शांतता ओळखून आपोआप कापणारी सोयही त्यात आहे, ती वापरू नका. तिला शांतता हवी असते, आणि तानपुरा चालू असेपर्यंत ख्यालात शांतता कुठून येणार? कॅसेटवरच्या गाण्याला तर आधीचाच घाव असतो. सी-९०ची एक बाजू ४५ मिनिटांची, तेव्हा ख्याल हमखास अंतऱ्याच्या तोंडाशी तुटलेला असतो आणि दुसऱ्या बाजूच्या फाइलचं नाव असतं 'अंतऱ्यापासून पुढे'. हे नाव लक्षात ठेवा, ते परत त्रास द्यायला येणार आहे.

फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात) उतरवलं असेल तर ॲपलचं ॲप ते उघडतही नाही, आधी एएलएसी, म्हणजे ॲपलचा तसाच प्रकार, करून द्यावं लागतं. ते देऊनही वर चढताना त्याचं २५६ केबीपीएसचं एएसी होतं. म्हणजे ढगात जाते ती छायाप्रत. मूळ दस्तऐवज घरच्या डिस्कवर राहू द्या. यूट्यूब म्युझिक फ्लॅक, एमपीथ्री, एमफोरए, ओजीजी आणि डब्ल्यूएमए घेतं, मर्यादा तिथेही १,००,००० गाण्यांची, फक्त चढवायचं ते कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून. डब्ल्यूएव्ही त्या यादीत नाही, आणि नानांच्या निम्म्या फाइली नेमक्या डब्ल्यूएव्ही.

आता नावांकडे वळू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्वद टक्के माती इथेच खाल्ली जाते.

एमपीथ्रीच्या पोटात टॅग असतो, म्हणजे गाण्याच्या नावगावाची नोंद. आयडीथ्री या टॅग-पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीचा टॅग म्हणजे फाइलच्या शेवटी चिकटवलेली १२८ बाइटांची चिठ्ठी, तिच्यात गाण्याच्या नावाला ३० जागा आणि देवनागरीला शून्य. पुढच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट बसते, पण जुन्या सॉफ्टवेअरनं लिहिताना दोनपैकी एक घोटाळा केलेला असतो. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर समजा अक्षरं गेली. हाताने पुन्हा लिहा, रडू नका. त्याऐवजी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि मध्येमध्ये कुठल्यातरी देशाचं चलन दिसत असेल, तर पेशंट नुसता बेशुद्ध आहे. मूळ बाइट शाबूत आहेत, ते चुकीच्या लिपीत वाचले जाताहेत. एमपीथ्रीटॅग या टॅग सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरमधली 'कन्व्हर्ट कोडपेज' ही ॲक्शन लावली की बहुतेकदा शुद्धीवर येतो. पुढे पुन्हा हा प्रकार नको असेल तर त्याच्या ऑप्शन्समध्ये टॅग लिहिण्यासाठी आयडीथ्री २.३, यूटीएफ-१६ निवडून ठेवा.

मग येतो मानाचा प्रश्न. 'पंडित' आणि 'पं.' अशी नावं सुरू झाली की अर्धी लायब्ररी प खाली आणि उरलेली उस्तादांमुळे उ खाली जाते. वर्णमालेतली बाकीची अक्षरं मोकळी. हुशार माणूस म्हणतो, फाइंड-रिप्लेस करून 'पंडित' काढूनच टाकू. ग्वाल्हेरात हे करू नये. इथे १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या गवयाचं नाव पंडित कृष्णराव शंकर पंडित. एक पंडित मानाचा, एक आडनावाचा. सरसकट रिप्लेस केलं की मान जातो तो जातोच, वर आडनावही जातं आणि कृष्णराव शंकर नावाचे कुणी भलतेच गृहस्थ ख्याल गाऊ लागतात.

रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन मजकूर शोधायची खुणांची भाषा) वापरणार असाल तर सुरुवातीची खूण लावा: '^पंडित ' आणि पुढची मोकळी जागाही त्यातच धरा. 'पं.' काढताना आणखी एक खड्डा आहे. त्या भाषेत टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. '^पं.' असं लिहिलं की ते 'पंडित'मधले प, अनुस्वार आणि ड खाऊन टाकतं आणि मागे 'ित' उरतं, वेलांटी अधांतरी लोंबकळत. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ हवी: '^पं\.'. माझं विचाराल तर काढूच नका. एमपीथ्रीटॅगमध्ये कलाकाराच्या नावात पंडित असू द्या आणि 'आर्टिस्टसॉर्ट' या वेगळ्या रकान्यात 'कृष्णराव' लिहा. यादी क खाली लागते, पडद्यावर मान राहतो आणि घरात संध्याकाळचा चहाही मिळत राहतो.

एकाच बैठकीचे सात अल्बम झालेत? 'अल्बम आर्टिस्ट' रिकामा आहे. आर्टिस्टच्या रकान्यात कुणी तबलजीचंही नाव घालतं, कुणी पेटीवाल्याचं, आणि ॲप प्रत्येक जोडीचा वेगळा संसार थाटून देतं. सगळ्या तुकड्यांना एकच अल्बम आर्टिस्ट द्या.

टॅग आपोआप भरणारं पिकार्ड नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते गाण्याचा ठसा घेऊन ओळख पटवतं, पण ठसा घेतं पहिल्या दोन मिनिटांचा. सिनेमातल्या गाण्याचं दोन मिनिटांत अर्धं आयुष्य सरतं. आमच्याकडे तेवढ्यात तानपुरा लागतो, कुणीतरी खोकतं आणि 'थोडा वर घ्या' असा आवाज येतो. त्या ठशावरून कुणाची ओळख पटणार?

फाइलच्या नावांचं दुखणं टॅगहून वेगळं. विंडोजला नावात अपूर्णविराम चालत नाही, म्हणून लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीवरचं 'राग: यमन' तिथे पोचत नाही. फोल्डरच्या नावाच्या शेवटी टिंबही चालत नाही, आणि आपल्याकडे तर 'भाग २ रा.' असं पूर्णविराम देऊन लिहिण्याची शिस्त. शिवाय लिनक्सवर आणि बहुतेक घरगुती एनएएसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर) एका नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजीत तेवढी अक्षरं. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला तीन बाइट, म्हणजे फक्त ८५. 'पंडित कृष्णराव शंकर पंडित' एवढ्यातच ६९ बाइट खर्च होतात. काही एनएएसच्या एन्क्रिप्टेड फोल्डरात तर एकूण १४३च मिळतात. त्यात राग मावतो, ताल दाटीवाटीनं बसतो, बंदिश बाहेर उभी.

आणि आता ते 'अंतऱ्यापासून पुढे'. यातला ऱ्य लिहायचा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक सबंध अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्त्याचं टिंब असे दोन तुकडे करून. दिसायला तंतोतंत एक. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था तुकडे करून ठेवते, लिनक्स जसं दिलं तसं ठेवतं. परिणामी सिंक करणाऱ्याला दोन निराळ्या फाइली दिसतात आणि तो दोन्हीकडे दोन्ही ठेवतो. तुम्ही एक पुसता, ती परत येते. 'यमन' कधी दुहेरी होत नाही, 'दुसऱ्या बाजूचा' होतो. फाइली जुळवणारं आरसिंक वापरत असाल तर त्याला 'आयकॉन्व्ह' पर्यायात 'यूटीएफ-८-मॅक' सांगितलं की तो दोन्ही रूपं एक मानतो. नसेल वापरायचं तर फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवा आणि देवनागरी टॅगमध्ये लिहा. भाषाभिमान्यांनी माफ करावं.

एवढं सगळं झाल्यावरच चढवायला घ्या, आधी नाही. टॅगमध्ये नंतर एक वेलांटी सुधारली तरी फाइल बदलली असं धरलं जातं आणि गूगल ड्राइव्हवर अख्खी फाइल पुन्हा चढवायची पाळी येऊ शकते. ७० जीबीचा साठा, अपलोडचा वेग १० एमबीपीएस: साडेपंधरा तास, तेही लाइट न गेल्यास. कनेक्शनच्या जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, अपलोडचा विचारून घ्या. आणि लॅपटॉपची झोप बंद करा. ग्वाल्हेरातल्या हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याचा पाला चावला की गळा सुधारतो म्हणतात. अपलोडसाठी तसा पाला नाही.

ड्राइव्हवर चढवण्यासाठी मी आरक्लोन या फाइली ढगात नेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाजूचा आहे, पण त्याच्या 'सिंक' आणि 'कॉपी' या दोन आज्ञांत फरक जीवघेणा आहे. कॉपी म्हणजे नवं तेवढं वर ने. सिंक म्हणजे वरचं अगदी इथल्यासारखं कर, म्हणजे इथे नसेल ते वरून पूस. लिनक्सवर बाहेरची डिस्क जोडायची राहिली की तिच्या जागेचा फोल्डर रिकामा दिसतो, आणि सिंक निष्ठेनं वरचा सगळा साठाही रिकामा करतो. म्हणून आधी 'ड्राय-रन' लावून काय पुसणार ते वाचा, 'मॅक्स-डिलीट'ला (जास्तीत जास्त किती पुसायचं, त्याला) छोटा आकडा द्या. तरीही घडलंच, तर ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस माल पडून असतो. एकतिसाव्या दिवशी आठवण येऊन उपयोग नाही.

राहता राहिला ट्रॅक नंबर. तो जवळजवळ सगळे विसरतात, कारण फाइल वाजतेय तेवढ्यावर समाधान. बैठकीचे तुकडे केलेत तर प्रत्येकाला नंबर द्या, फाइलच्या नावात ०१, ०२ असा शून्य लावून, नाहीतर काही यंत्रं दोनच्या आधी दहा वाजवतात. शफल बंद करा. नंबरच नसेल तर ॲप अक्षरानुक्रमे लावतं. बैठकीत क्रम असतो यमन, मारूबिहाग, समारोपाला भैरवी, आणि अक्षरानुक्रम बरोबर त्याच्या उलटा. फोनवर पहिलीच भैरवी लागते आणि नाना उठून चपला शोधू लागतात.